शब्द फांदीला लटकवा

पहिल्यांदा माझंच चुकलं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या रविवारच्या मराठी वर्गात मी चार रंगांच्या खडूंनी फळाभर महाराजा सयाजीराव गायकवाडांचा माइंड मॅप काढला, म्हणजे मधोमध विषय आणि त्यातून फुटणाऱ्या फांद्यांवर शब्द. देखणा झाला होता. मुलांनी हुबेहूब उतरवून घेतला आणि पुढच्या रविवारी एकालाही धड काही आठवेना. फळ्यावर मी काढला, तेव्हा अभ्यासही माझाच झाला.

आता फळा कोरा ठेवते. पाठ दोनदा वाचून घ्यायचा आणि मग पुस्तकं दप्तरात. ही पायरी गाळू नका. पुस्तक उघडं असलं की मुलं बघून उतरवतात.

कागद आडवा धरायचा. मधोमध विषयाचं चित्र. आमच्याकडे बहुतेक पगडी येते, तीही वांग्यासारखी, चालतं. तिथून चार-पाच जाड फांद्या: बालपण, शाळा, ग्रंथालय, पैसा, इमारती. एका फांदीला एकच शब्द, वाक्य नाही. 1970च्या दशकात हे तंत्र लोकप्रिय करणाऱ्या टोनी बुझान यांचा हा नियम. ते शब्द रेघेवर लिहायला सांगत. देवनागरीत मला उलटं सोयीचं पडतं: फांदीलाच शिरोरेषा समजा आणि अक्षरं खाली लटकवा. वेलांट्या-मात्रांना वर थोडी जागा ठेवा.

दहा मिनिटांनी पुस्तक उघडायचं. सुटलेलं लाल पेनानं भरायचं. लाल जिथे जास्त, तेवढंच घरी वाचायचं. तीन-चार दिवसांनी पुन्हा कोरा कागद.

खरी मजा येते ती एका फांदीवरून दुसरीवर रेघ ओढताना. सक्तीचं शिक्षण आधी 1893 मध्ये अमरेलीत, मग 1906 मध्ये सगळ्या संस्थानात आलं. एका मुलीनं त्या 1906 पासून ग्रंथालयाच्या फांदीवरच्या 'बोर्डन, 1910'पर्यंत तुटक रेघ नेली. ग्रंथालयांच्या कामासाठी महाराजांनी विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून आणलं होतं. का जोडलंस, विचारलं.

"बेन, वाचायला शिकवलं, मग वाचायला काही द्यायला नको?"

(गुजराती शाळेच्या सवयीनं मला सगळे बेनच म्हणतात.)

शेजारच्यानं लगेच 'बँक ऑफ बडोदा, 1908'सुद्धा जोडायला घेतली. कारण विचारलं तर गप्प. रेघ खोडायला लावली. फुरंगटला थोडा, पण कारण सांगता येईल तीच रेघ ठेवायची.

नुसता क्रम पाठ करून घ्यायचा असेल, तर माइंड मॅपच्या नादी लागू नका. त्यासाठी मी खिडकीच्या गजांना सुतळी बांधते आणि चिमट्यांनी चिठ्ठ्या अडकवते.