मेंढ्या लवकर माजावर आणायच्या, तर तारीख आधी ठरवा

दख्खनी मेंढ्या बहुतेक पावसाळ्यात हिरवा चारा मिळाला की माजावर येतात, पण सगळ्या एकदम नाही. कोकरं मग महिना-दोन महिने मागेपुढे जन्मतात. संप्रेरकांच्या मदतीने कळप आधी आणि एकाच वेळी फळवता येतो.

कोकरं कधी हवीत, तिथून मागे मोजा. मेंढीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा. 15 मेला मेंढी फळली, तर 12 ऑक्टोबरच्या आसपास विते. म्हणजे स्पंज, मेंढीच्या योनीत ठेवायचा संप्रेरकाचा बोळा, 1 मेला बसवायचा.

खरी मेहनत त्याआधीची. मे महिन्यात रानात चारा नसतो आणि खंगलेल्या मेंढीवर औषधाचे पैसे वाया जातात. दोन-तीन आठवडे आधीपासून रोज पाव किलो भरडा सुरू करा, जंतनाशक द्या. गाभण मेंढ्या आणि कधीच न व्यालेल्या लहान पाठी यातून वगळा.

स्पंज पशुवैद्यकाकडूनच बसवून घ्या. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने ‘अविकेसिल-एस’ नावाचा स्वस्त स्पंज विकसित केला आहे. स्पंजातलं औषध माज रोखून धरतं. हातमोजे घाला; ते कातडीतून शरीरात जातं, त्यामुळे घरातल्या गरोदर बाईने स्पंजाला हात लावू नये.

12 दिवसांनी, 13 मेला, दोरा हळूच खाली ओढून स्पंज काढा. थोडा वास आणि स्राव येतो, घाबरू नका. दोरा दिसत नसेल तर मात्र डॉक्टरांना बोलवा. स्पंज काढतानाच पीएमएसजी या, माज आणणाऱ्या संप्रेरकाचं इंजेक्शन देतात. मात्रा डॉक्टरच ठरवतील, कारण जास्त झाली तर तिळी होतात आणि आईचं दूध पुरत नाही. ‘नारी सुवर्णा’ या जातीच्या मेंढ्या मुळातच जुळी देणाऱ्या. तिथे दुप्पट सावध राहा.

बहुतेक मेंढ्या दीड-दोन दिवसांत माज दाखवतात. पैदाशीचा मेंढा तेव्हाच सोडा, आणि दहा मेंढ्यांमागे एक तरी हवाच. एरवी तीस-चाळीस मेंढ्यांना पुरणारा मेंढा इथे थकतो, कारण सगळ्या एकदम येतात. उन्हाने त्याचं वीर्यही खालावतं. त्याला महिनाभर आधीपासून सावलीत ठेवा, खुराक द्या, पहाटे आणि संध्याकाळीच सोडा.

माज 17 दिवसांनी फिरून येतो. त्यामुळे 30 मे ते 3 जूनदरम्यान मेंढा पुन्हा कळपात ठेवा. राहिलेल्या मेंढ्या तेव्हा फळतात.