मोबाइलवरच्या खेळातून वाचकाला देवघेव खिडकीपर्यंत कसे आणावे

मुंबईतल्या अनेक मराठी ग्रंथालयांत गर्दी दोनच ठिकाणी दिसते: सकाळी वृत्तपत्रांच्या टेबलापाशी आणि दिवसभर अभ्यासिकेत. पुस्तकांच्या कपाटांकडे मात्र फारसे कोणी फिरकत नाही. गिरगाव, दादर, परळ येथील कित्येक जुनी कुटुंबे विरार, डोंबिवली, बदलापूरकडे राहायला गेली. त्यांच्यापैकी काहींनी सभासदत्व टिकवले असले, तरी पुस्तक बदलण्यासाठी दर आठवड्याला येणे त्यांना जमत नाही. अशा वेळी ग्रंथालयाने ऑनलाइन साधने आणि खेळ हाताशी घेणे योग्यच आहे. परंतु त्यांची आखणी उलट्या टोकाकडून करावी. आधी खेळ ठरवून मग त्यात पुस्तक बसवू नये. कोणती पुस्तके कोणत्या वाचकाच्या हाती जायला हवीत हे आधी ठरवावे आणि त्यानुसार खेळ रचावा. खेळ मोबाइलवर सुरू झाला तरी त्याचा शेवट देवघेव खिडकीशी झाला पाहिजे, ही एक अट पाळली की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

पहिले काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळता येत नाही. ग्रंथालयातील पुस्तकांची यादी वाचकाला घरबसल्या शोधता आली पाहिजे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयात २००० साली सुरू झालेली ‘कोहा’ ही मुक्त संगणकप्रणाली किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली वापरता आली, तर उत्तमच. तेवढे मनुष्यबळ नसेल, तर दाखल क्रमांक (पुस्तक संग्रहात नोंदवताना दिलेला क्रमांक), शीर्षक, लेखक, विषय आणि कपाट क्रमांक एवढ्या रकान्यांची गूगल शीटही सुरुवातीला पुरते. फक्त ती सर्वांना पाहता येईल, पण बदलता येणार नाही, अशी ठेवावी. नोंदी युनिकोड देवनागरीतच कराव्यात. जुन्या फॉण्टमध्ये टंकलेल्या याद्या पडद्यावर मराठी दिसतात, परंतु मोबाइलवर शोध घेतला की हाती काहीच लागत नाही आणि सारे श्रम वाया जातात. सगळा संग्रह होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ज्या कपाटावर खेळ बेतायचा आहे, ते आधी घ्यावे.

निरोपासाठी बहुतेक ठिकाणी व्हॉट्सॲपच वापरले जाईल. सर्व सभासदांचा एकच मोठा गट करण्याचा मोह आवरावा, कारण सुप्रभातच्या संदेशांत ग्रंथालयाचा निरोप हरवतो आणि प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसतो. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवणाऱ्या यादीत, ही अडचण येत नाही; एका यादीत २५६ जण घेता येतात. मात्र ज्यांनी ग्रंथालयाचा क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये साठवलेला आहे, त्यांनाच हा निरोप पोहोचतो. म्हणून वर्गणी स्वीकारतानाच सभासदाची संमती घेऊन, त्याच्या समोरच क्रमांक साठवून द्यावा. सभासद नसलेल्यांसाठी चॅनेल वेगळे ठेवता येते. निरोप आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी जावा. लोकलमध्ये उभ्या माणसाला एका हाताने वाचता येईल इतकाच तो लांब असावा, आणि त्याच निरोपाला उत्तर देऊन पुस्तक राखून ठेवता यावे.

सुरुवात करायला ‘पहिले वाक्य ओळखा’ हा खेळ सर्वांत सोपा आहे. ग्रंथपालाने वर्षभरात कोणीही न नेलेली पाच चांगली पुस्तके निवडावीत, त्यांची पहिली वाक्ये आठवड्याच्या निरोपात पाठवावीत आणि ती पुस्तके खाकी कागदात गुंडाळून खिडकीजवळ मांडावीत. वर फक्त तेच वाक्य आणि दाखल क्रमांक असावा. ज्याला वाक्य आवडले त्याने न उघडता पुस्तक न्यावे. उत्तरे गूगल फॉर्मवर घेता येतात, पण येथे एक बारकावा आहे: फॉर्म ‘प्रश्नमंजूषा’ म्हणून करून गुण नंतर जाहीर करण्याचा पर्याय निवडला की तो ईमेल पत्ता मागू लागतो आणि अनेक ज्येष्ठ वाचक तेथेच थांबतात. त्यामुळे साधा फॉर्म करून सभासद क्रमांक तेवढा विचारावा. बरोबर उत्तरे ऑनलाइन जाहीर करू नयेत, ती ग्रंथालयाच्या फलकावर लावावीत.

मुलांसाठी मे महिन्याच्या सुट्टीइतका चांगला काळ नाही, आणि मुंबईच्या मुलांना लोकलचा नकाशा शिकवावा लागत नाही. दादर ते चर्चगेट ही धिम्या गाडीची नऊ स्थानके एका मोठ्या तक्त्यावर काढावीत आणि प्रत्येक स्थानकाला एक वाचनप्रकार द्यावा. हा प्रकार मनास येईल तसा न देता जागेशी जोडला, तर मुलांना तो स्वतःहून आठवतो. प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिर आहे, म्हणून तेथे बालनाट्य. लोअर परळला गिरणी कामगारांच्या जीवनावरचे काही. महालक्ष्मीला घोड्यांची शर्यत होते, म्हणून प्राण्यांची गोष्ट. मुंबई सेंट्रलहून लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात, म्हणून प्रवासवर्णन. मरीन लाइन्सला समुद्राविषयी माहितीपुस्तक. आणि चर्चगेटला मुलाच्या पूर्ण पसंतीचे पुस्तक. दादर, चर्नी रोड आणि ग्रँट रोड यांचे प्रकार मुलांनाच ठरवू द्यावेत, कारण त्या चर्चेतच अर्धा खेळ रंगतो. प्रत्येक मुलाला पुठ्ठ्याचे तिकीट द्यावे. पुस्तक परत आले की ग्रंथपालाने त्याविषयी एकच खरा प्रश्न विचारावा, जसे, ‘यातल्या कोणाशी तुझे भांडण झाले असते?’, आणि मग तिकिटावर शिक्का मारावा. सारांश लिहून आणायला सांगू नये. तो सुट्टीतला गृहपाठ होतो.

या खेळाचा ऑनलाइन भाग छोटाच असावा. शनिवारी तक्त्याचे छायाचित्र पालकांच्या यादीवर जावे, त्यात मुलांची नावे नसून त्यांनी घेतलेली टोपणनावे असावीत. लांब राहायला गेलेल्या सभासदांच्या मुलांनी प्रश्नाचे उत्तर मिनिटभराच्या ध्वनिसंदेशात पाठवले, तरी ते ग्राह्य धरावे. त्यांचे पुढचे पुस्तक आईने किंवा बाबांनी ऑफिसातून परतताना न्यावे. पहिल्या क्रमांकाचे बक्षीस ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. सावकाश वाचणारे मूल दुसऱ्याच आठवड्यात मागे पडल्याचे पाहून खेळ सोडते, आणि ग्रंथालयाला नेमके तेच मूल हवे असते. चर्चगेटला पोहोचणाऱ्या प्रत्येकाला ग्रंथालयाने खरेदी करायचे एक पुस्तक सुचवण्याचा हक्क द्यावा आणि ते खरोखर खरेदी करावे.

शब्दकोडी आणि अक्षरे ओळखण्याचे खेळ मोठ्यांनाही आवडतात, परंतु इंग्रजीसाठी बनवलेली तयार साधने मराठीत फसतात. ‘ग्रंथालय’ या शब्दात वाचकाच्या दृष्टीने ग्रं, था, ल, य अशी चार घरे आहेत. संगणक मात्र व्यंजन, हलन्त, अनुस्वार आणि काना वेगवेगळे मोजून आठ चिन्हे धरतो. गूगल शीटमध्ये लांबी मोजून पाहिली, तर हाच आकडा मिळतो. म्हणून घरे हाताने आखावीत, प्रत्येक घरात जोडाक्षर मात्रेसकट पूर्ण लिहावे आणि कोड्याचे छायाचित्र पाठवावे. सूचक वाक्ये संग्रहातील पुस्तकांवरच बेतलेली असावीत, म्हणजे अडलेला वाचक कपाटाकडे वळेल.

दिवाळी अंकांची योजना जिथे चालते, तिथे खेळ जवळजवळ तयारच असतो. प्रत्येक अंकाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवावी, तिच्यावर वाचकाने आवडलेल्या कथेचे किंवा लेखाचे नाव लिहावे, आणि दर पंधरवड्याला त्या चिठ्ठ्यांमधून निवडक नोंदी निरोपात जाव्यात. पुढच्या वाचकासाठी याहून विश्वासाची शिफारस नसते.

अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांना खेळाला वेळ नसतो, हे मान्य करावे. त्यांच्यासाठी टेबलावर क्यूआर कोड ठेवून दहा मिनिटांत वाचता येणाऱ्या कथांची यादी कपाट क्रमांकासह द्यावी, तेवढे पुरे.

दोन कायदे मात्र पक्के लक्षात ठेवावेत. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या अशा गोष्टींचे वाचन ध्वनिमुद्रित करून सर्वांसाठी ठेवता येते. आजच्या लेखकाच्या कथेसाठी आधी लेखी परवानगी घ्यावी. तसेच, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. मुलांचे पत्ते, शाळा, जन्मतारखा फॉर्मवर मागूच नयेत.

प्रत्येक खेळाची कागदी आवृत्ती खिडकीवर असलीच पाहिजे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्यांना तो वापरायचा नाही, असे वाचक अनेकदा ग्रंथालयाचे सर्वांत जुने आधार असतात, आणि त्यांना आपण बाहेर राहिलो असे वाटता कामा नये.

यश मोजताना निरोपावर आलेले अंगठे मोजू नयेत. खेळात असलेल्या पुस्तकांचे दाखल क्रमांक वेगळे लिहून ठेवावेत, त्यांची आधीच्या तीन महिन्यांतली आणि खेळानंतरच्या तीन महिन्यांतली देवघेव नोंदवहीतून काढावी, आणि हे दोन्ही आकडे कार्यकारी मंडळाच्या बैठकीत मांडावेत. पुस्तके हलली नसतील, तर खेळ कितीही गाजला असला तरी बंद करून वेगळे कपाट घ्यावे. हलली असतील, तर पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ग्रंथपालाच्या आठवड्यातल्या दोन तासांची आणि इंटरनेटच्या खर्चाची तरतूद त्याच बैठकीत मंजूर करून घ्यावी.