नदीचं खोरं वाचवायचंय? आधी वरच्या आणि खालच्या गावाला एका सतरंजीवर बसवा

नदी म्हटलं की लोकं डायरेक्ट जेसीबीच मागवतात. थांबा जरा. पाणी अडवणं सोपंय हो, पण अडलेलं कोण किती उपसणार हे ठरलं नसेल तर त्याच ओढ्याकाठी नव्या बोअर पडतात आणि खालचं गाव वरच्याशी बोलेनासं होतं.

म्हणून आधी शिवारफेरी. गावाची हद्द विसरायची, पाणलोट, म्हणजे जिथलं पाणी एकाच ओढ्याला उतरतं तो सगळा भाग धरायचा, माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालायचं आणि नुसते सरपंच नकोत, मेंढरं राखणारे, मासे धरणारे, पाणी भरणाऱ्या बाया पाहिजेतच, कुठला झरा फेब्रुवारीतच आटतो ते त्यांनाच ठाऊक असतं.

मग हिशोब. शाळेत पर्जन्यमापक बसवा, पोरं रीडिंग बरोब्बर लिहितात. 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10,000 लिटर. ठरलेल्या विहिरींची पातळी दर महिन्याला टेप सोडून मोजा. पाऊस सरला की ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, माणसांचं, जनावरांचं बाजूला काढून उरेल त्यात रब्बी बसवायची. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव हेच करतं.

खरी भांडणं नियमांवर होतात, होऊ द्या. पुणे जिल्ह्यातल्या नायगावला विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीवर नाही, माणशी अर्ध्या एकराच्या हिशोबानं मिळायचं, भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद. राजस्थानात अलवरकडं अरवरी नदीकाठच्या 72 गावांनी 1999 मध्ये चक्क स्वतःची संसद केली, तिला सरकारी अधिकार काहीच नव्हते तरी जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर बंधनं घातली. आपल्याकडं मी म्हणेन, एकच मजकूर ठेवून प्रत्येक ग्रामसभेचा वेगळा ठराव घ्या आणि नियम तीनच ठेवा, वीस केले की एकही पाळला जात नाही.

वर्गणी थोडी का असेना प्रत्येक घराकडून घ्या, फुकटच्या बंधाऱ्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या काढत्या-घालत्या फळ्या, कुणाच्या गोठ्यात राहणार, परतीचा पाऊस ओसरला की टाकणार कोण, पावसाळ्याआधी काढणार कोण, फटी बुजवायचं रबर कुजलं तर पैसे कुठनं, हे नावानिशी लिहून चावडीवर लावा. आणि बर्ग्यांची किल्ली वरच्या गावाकडं असेल तर हिशोबाची वही खालच्या गावाकडं ठेवा.