सांडपाण्याची नवी जोडणी: आधी पातळी, मग खोदाई

रस्त्यात नवी मलवाहिनी पडली की घरोघरी लगबग सुरू होते. चर खणायचा, पाइप टाकायचा आणि सेप्टिक टँकच्या कटकटीतून एकदाचे सुटायचे, एवढेच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. या घाईत मोजमाप मागे पडते, आणि जोडणी पुढे वारंवार तुंबू लागली की तिचे मूळ सहसा तिथेच सापडते. घरातले सांडपाणी रस्त्याकडे जाते ते केवळ उताराच्या जोरावर. म्हणून घराबाहेरच्या पहिल्या चेंबरची पातळी, रस्त्यातल्या वाहिनीची पातळी आणि या दोहोंमधले अंतर हे तीन आकडे कागदावर आल्याशिवाय कुदळ मारू नये.

त्याआधी मलनिस्सारण विभागाकडे एक साधा प्रश्न अवश्य विचारावा: वाहिनी टाकून झाली आहे, की चालूही झाली आहे? पाइप पुरले गेले, रस्ता पूर्ववत झाला, तरी पुढचे पंपघर किंवा शुद्धीकरण केंद्र जोडले जाईपर्यंत त्या वाहिनीतून पाणी कुठेच जात नाही. अशा बंद वाहिनीला घाईने जोडलेल्या घरांचे पाणी सखल भागातल्या चेंबरांत साठते आणि झाकणांवाटे वर येते. परवानगीचा अर्ज करतानाच आपल्या घरासाठी जोडफाटा, म्हणजे मुख्य वाहिनीतून घराच्या दिशेने काढून ठेवलेला पाइपचा तुकडा, आधीच ठेवला आहे का, असल्यास तो नेमका कुठे आणि किती खोल आहे, हे नकाशावरून विचारून घ्यावे. फाटा ठेवलेला असेल तर रस्ता फोडण्याचे निम्मे काम वाचते.

पातळी मोजायला महागडे यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून, आत हवेचा बुडबुडा राहिला नाही हे पाहून, तिचे एक टोक अंगणातल्या भिंतीवरच्या खुणेला आणि दुसरे फाटकाशी धरले की दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीला थांबते. हीच खूण टप्प्याटप्प्याने रस्त्यापर्यंत न्यावी. रस्त्यातले झाकण मात्र विभागाच्या माणसानेच उघडावे आणि खोली बाहेर उभे राहून काठीने मोजावी.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या चेंबरमधून निघणाऱ्या पाइपचा तळ अंगणापासून ५० सेंटीमीटर खोल आहे आणि मुख्य वाहिनीपर्यंतचे अंतर १८ मीटर आहे. १:६० उतार धरला, म्हणजे दर ६० सेंटीमीटरला १ सेंटीमीटर, तर पाइप ३० सेंटीमीटर खाली जाईल आणि रस्त्याशी त्याचा तळ अंगणाच्या पातळीखाली ८० सेंटीमीटरवर येईल. मुख्य वाहिनीचा माथा त्याच हिशेबाने १५० सेंटीमीटरवर असेल तर ७० सेंटीमीटर शिल्लक उरतात. ही शिल्लक वापरायला सबंध पाइप अधिक तिरका करण्याची गरज नसते. कुंपणाच्या आतल्या शेवटच्या चेंबरमध्ये पाइप उभा खाली उतरवावा. त्यामुळे रस्त्याखालून जाणारा तुकडाही आपोआप खोल राहतो आणि वाहनांच्या वजनापासून वाचतो. उलट शिल्लक शून्याखाली गेली, तर कितीही खोदाई करून उपयोग नाही. तिथे पंप लावणे किंवा जोडणीची जागा बदलणे, एवढेच पर्याय उरतात, आणि ते खोदण्याआधी कळलेले बरे.

घरगुती जोडणीला साधारणपणे ११० किंवा १६० मिलिमीटर व्यासाचा पाइप वापरतात. ११० मिलिमीटरच्या पाइपला १:४० ते १:६० उतार पुरेसा असतो. नियमात वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळावा. पाण्याला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेग मिळाला तर ते घाण सोबत वाहून नेते, आणि उताराचे हे आकडे त्यासाठीच असतात. मात्र आकड्याहून सलगपणा मोलाचा. मध्येच पाइपला पोट पडले की तिथे पाणी साचते, तेलकट थर बसतो आणि काही महिन्यांनी तुंबण्याची तक्रार सुरू होते.

पाइपचा मार्ग शक्य तितका सरळ ठेवावा. जिथे वळण घ्यावेच लागेल किंवा दुसरा पाइप येऊन मिळेल, तिथे चेंबर बांधावे. काटकोनी एल्बो जमिनीत पुरणे म्हणजे पुढच्या तुंबणीची जागा आजच ठरवून ठेवणे होय. चेंबरचा तळ सपाट ठेवू नये. मध्ये अर्धगोल पन्हळ आणि दोन्ही बाजूंना तिच्याकडे उतरते गुळगुळीत सिमेंट असले की घाण कोपऱ्यात अडत नाही. पिण्याच्या पाण्याची नळवाहिनी वाटेत आडवी येत असेल तर सांडपाण्याचा पाइप तिच्या खालूनच न्यावा.

अनेक जण सेप्टिक टँकच्या बाहेर जाणाऱ्या तोंडालाच नवा पाइप जोडून मोकळे होतात. काम स्वस्तात होते, पण टाकी उपसण्याचा खर्च सुटत नाही. शिवाय टाकीत कुजलेले पाणी हायड्रोजन सल्फाइड वायू सोबत नेते, आणि तो दुर्गंधी पसरवतो तसाच काँक्रीटच्या वाहिन्याही खातो. विभागाने लेखी वेगळे सांगितले नसेल तर टाकी पूर्णपणे वगळावी आणि संडास, मोरी व स्वयंपाकघराचे पाणी थेट नव्या पाइपात सोडावे. स्वयंपाकघराच्या वाटेवर तेल अडवणारे छोटे चेंबर आणि मोरीच्या वाटेवर गल्ली ट्रॅप, म्हणजे तळाशी पाणी साठवून दुर्गंधी अडवणारे वाकडे भांडे, ठेवावा. छताचे किंवा अंगणातले पावसाचे पाणी या पाइपात कधीही घेऊ नये. पहिल्याच मुसळधार पावसात त्या पाण्याने भरलेली वाहिनी सखल भागातल्या घरांत उलटते.

तळघरातला किंवा रस्त्याच्या पातळीखालचा संडास हा या कामातला सर्वांत धोक्याचा भाग आहे. मुख्य वाहिनी तुंबली की पाणी जवळच्या मॅनहोलच्या झाकणापर्यंत चढू शकते, आणि त्याखाली संडासाचे किंवा मोरीचे जे जे भांडे असेल त्यातून ते वर येते. अशा भांड्यांची वाट वेगळी काढून तिच्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलट येऊ न देणारी झडप, बसवावा, तोही उघडून साफ करता येईल अशा चेंबरमध्ये.

चर खालच्या टोकाकडून वर खणत यावा. खोली सव्वा मीटरच्या पुढे गेली की बाजूंना फळ्यांचा आधार द्यावा आणि काढलेली माती काठापासून दूर टाकावी. तळाशी सुमारे १० सेंटीमीटर वाळू पसरून तिच्यावर पाइप संपूर्ण लांबीत टेकेल असा बसवावा; विटांच्या तुकड्यांवर तोललेला पाइप माती पडताच वाकतो. माती लोटण्याआधी दोन चाचण्या कराव्यात. दोन चेंबरांमधल्या पाइपच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला आरसा धरला, तर पाइप सरळ असल्यास आरशात उजेडाची पूर्ण गोल चकती दिसते, आणि पोट पडले असल्यास ती कापलेली दिसते. मग खालचे तोंड प्लगने बंद करून वरच्या टोकाला उभा तुकडा लावावा, पाणी भरावे आणि अर्धा तास पातळी पाहावी. ती उतरली तर गळणारा सांधा उघडा असतानाच सापडतो. कंत्राटदार या चाचण्यांना नाक मुरडतो, म्हणून त्या कामाच्या करारातच लिहून घ्याव्यात.

मुख्य वाहिनीतला सांधा विभागाच्या परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावा. तो प्रवाहाच्या दिशेने तिरका, वाय जोडाने (इंग्रजी Y आकाराच्या तुकड्याने) किंवा सॅडलने (वाहिनीवर बाहेरून बसणाऱ्या खोगिरासारख्या जोडाने), वाहिनीच्या वरच्या अंगाला असावा. भोक पाडून आत घुसवलेला पाइप सगळ्या गल्लीची घाण अडवतो. जुनी वाट शेवटच्या दिवसापर्यंत चालू ठेवावी आणि सकाळी घरातला पाणीवापर थांबवून एकाच दिवसात बदल करावा.

उरलेली टाकी यंत्राने उपसून घ्यावी. कोणालाही आत उतरवू नये. तिथला वायू जास्त प्रमाणात असला की त्याचा वासही येईनासा होतो आणि माणूस क्षणात कोसळतो. रिकाम्या टाकीची दोन्ही तोंडे बंद करून, बाहेरूनच तळाला भोके पाडून, ती वाळू किंवा मुरुमाने थराथराने भरावी. चर बुजवण्याआधी पाइपची छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक चेंबरचे अंतर घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून मोजून नकाशावर लिहावे, म्हणजे अंगणात पुढे फरशी बसली तरी झाकण शोधण्यासाठी ती फोडावी लागत नाही.