गावाहून मुंबईच्या उपनगरात बिऱ्हाड हलवायचं आहे? वर्षभराची तयारी अशी करा

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून बदलापूरला आलो ते एका टेम्पोत, एका दिवसात. कपाट, पलंग, धान्याच्या दोन कोठ्या, आईचा पाटा-वरवंटा आणि आम्ही पाच माणसं. शाळा सुरू व्हायला आठवडा उरला होता. घर मी एकदाच पाहिलं होतं, तेही मार्चच्या कोरड्या उन्हात. पुढचे सहा महिने जो त्रास झाला, त्यातला निम्मा या घाईनेच ओढवून घेतलेला होता. म्हणून गावाकडचं कुणी "आम्हीपण यायचं म्हणतोय" असं सांगत आलं, की मी पहिलं हेच सांगतो: एका खेपेत बिऱ्हाड हलवू नका. आधी एकाने या, घर वर्षभर भाड्याचंच ठेवा, आणि तोवर गावातलं दार उघडं राहू द्या.

सोयीचं वेळापत्रक साधारण असं बसतं. पावसाळ्यात घरं बघायची. दिवाळीनंतर कमावत्या माणसाने एकट्याने यायचं, ओळखीच्या खोलीवर किंवा कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त झोपण्यापुरती जागा भाड्याने घेऊन, राहायचं. मे महिन्यात बाकीच्यांनी यायचं, म्हणजे जूनच्या मध्याला शाळा उघडेपर्यंत मुलं घराला सरावतात.

१. आधी रेल्वेची लाइन, मग घर

मुंबईत पत्ता सांगताना माणसं आधी लाइन सांगतात, त्याला कारण आहे. सेंट्रलवर डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर; वेस्टर्नवर वसई, नालासोपारा, विरार; हार्बरवर पनवेल. काम ज्या लाइनवर, घर त्याच लाइनवर बघा. काम अंधेरीला आणि घर कल्याणला असलं, तर रोज दादरला गाडी बदलावी लागते, नाहीतर घाटकोपरला मेट्रो धरावी लागते. दादरच्या पुलावरची गर्दी रोज दोन वेळा सोसणं ही चैन नव्हे, शिक्षा आहे.

सीएसएमटीपासून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून) कल्याण सुमारे ५४ किलोमीटर, बदलापूर ६८. चर्चगेटपासून विरार ६०. स्टेशन जितकं लांब, तितकं घर स्वस्त, हे खरं. पण हिशोब किलोमीटरचा करू नका, दारापासून दारापर्यंतच्या वेळेचा करा. बदलापूरहून सीएसएमटी फास्ट गाडीला दीड तासाच्या आसपास. त्यात घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाची रांग, फलाटावर थांबणं आणि उतरल्यावरची चाल धरा. एजंट "स्टेशनपासून दहा मिनिटं" म्हणतो ती दहा मिनिटं रात्री अकराची, रिकाम्या रस्त्यावरची असतात.

घर पसंत करण्याआधी एका सोमवारी सकाळी साडेसातला त्याच घराच्या दारातून निघा आणि कामाच्या ठिकाणी पोचून दाखवा. संध्याकाळी परत या. घरातली बाईमाणूसही नोकरी करणार असेल तर तिने वेगळा प्रवास करून बघावा, कारण लेडीज डब्याची गर्दी तिलाच कळते. या एका दिवसात जे समजतं ते दहा घरं बघून समजत नाही.

२. घर पावसात बघा

२७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली होती. हजारावर प्रवासी बोटींनी आणि हेलिकॉप्टरच्या मदतीने बाहेर काढावे लागले. ही उपनगरं नदी-खाडीच्या काठाने वाढलीत. आमच्या दुष्काळी भागातल्या माणसाला पाण्याची ओढ इतकी, की नदीजवळचं घर म्हटलं की त्याला बरंच वाटतं. मलाही वाटलं होतं.

तळमजल्याच्या भिंतींकडे नीट बघा. गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवी, फिकट तपकिरी रेघ दिसते का? रंग नवा असला तर जिन्याखाली आणि पार्किंगच्या खांबांमागे बघा, तिथे सहसा रंग मारत नाहीत. विजेच्या मीटरची पेटी जमिनीपासून किती वर बसवली आहे तेही बघा. ती अलीकडे उचलून बसवल्याच्या खुणा असतील, तर विचारायला काही उरतच नाही.

पाण्याची चौकशी एजंटकडे करू नका. वॉचमन आणि कोपऱ्यावरचा किराणावाला खरं सांगतात. पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो का, लागला तर त्याची वर्गणी भाडेकरूने भरायची की मालकाने?

इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे लोक ज्याला ओसी म्हणतात तो तिथे राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला, आहे का हेही विचारा. डोंबिवली परिसरात खोट्या परवानग्यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तिथल्या कुटुंबांच्या डोक्यावर पाडकामाची टांगती तलवार आली. गावची जमीन विकून लगेच फ्लॅट घेऊ नका, असं मी हात जोडून सांगतो ते यासाठीच. वर्षभर भाड्याने राहिलात की कुठली इमारत कुणाची, कशी, हे कानावर येतंच.

३. भाड्याचा करार

घर भाड्याने देताना होतो तो लिव्ह अँड लायसन्स करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी लागतेच. "साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करू" असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. हा करार पुढे आधारचा पत्ता, गॅस, शाळा, बँक सगळीकडे लागतो.

खर्चाचा बाऊ करतात, पण तो फार नसतो. समजा भाडं १०,००० आणि परत मिळणारी अनामत ५०,००० रुपये. ११ महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क तीनशेच्या आसपास आणि शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो, त्याची मजुरी वेगळी. एजंटला साधारण एका महिन्याचं भाडं दलाली जाते, तेवढी रक्कम आधीच बाजूला ठेवा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचं काम मालकाचं, पण ते झालं का हे तुम्हीच विचारून घ्या.

चावी घेताना नळ, पंखे, भिंतीची ओल, फुटलेली फरशी यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. आमच्या पहिल्या घराच्या अनामतीतून ज्या फरशीचे पैसे कापले गेले, ती आम्ही येण्याआधीच तडकलेली होती. फोटो नव्हता, बोलणं खुंटलं.

४. गाव सोडण्याआधीचे कागद

शहरात गेल्यावर जे कागद मिळवायला रजा टाकून आठ-आठ तास एसटीत बसावं लागतं, ते आत्ता तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहेत.

सगळ्यात आधी जातीचा दाखला. तो आत्ता राहता तिथून मिळत नाही. ठरलेल्या तारखेला तुमचे वडील-आजोबा जिथले रहिवासी होते, तिथल्या प्रांत कार्यालयातून मिळतो. ती तारीख अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे पुरावा त्याही आधीचा लागतो. आजोबांच्या नावाचा प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल मिळते का बघा. मुख्याध्यापकांनी आमच्यासाठी लोखंडी पेटीतून ते रजिस्टर काढलं, तेव्हा पानाच्या कडा हातात चुरत होत्या आणि आजोबांचं नाव फिकट निळ्या शाईत होतं. ते पान आणखी दहा वर्षं टिकेल याची खात्री कुणी देणार नाही. घरातल्या प्रत्येक मुलाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, मूल पहिलीत असलं तरी.

रेशनकार्ड गडबडीने रद्द करू नका. अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल आणि आधार जोडलेलं असेल, तर एक देश एक रेशनकार्ड योजनेत शहरातल्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. काही माणसं गावी राहणार असतील तर वाटा तिथेही उचलता येतो. जाण्याआधी सगळ्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, मात्र पूर्ण करा. दवाखान्यात मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठीही हेच कार्ड मागतात.

गावचं घर पूर्ण बंद होणार असेल तरच गॅस हलवा: सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करायचा, टर्मिनेशन व्हाउचर आणि अनामत परत घ्यायची, ते व्हाउचर नव्या एजन्सीत द्यायचं. मतदार यादीतलं नाव फॉर्म ८ भरून हलतं, पण त्याची घाई नाही. इथे राहायचं नक्की झालं की भरा.

शेत असेल तर ई-पीक पाहणीचं, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद करण्याचं, कोण बघणार हे ठरवून निघा. ती नोंद शेतात उभं राहून फोटो काढूनच करावी लागते, बदलापूरच्या गॅलरीत बसून होत नाही. ती राहिली की सातबारावर पीक लागत नाही आणि नुकसानभरपाईच्या वेळी भांडत बसावं लागतं. भाऊबंदाला वाट्याने दिली असेल तरी कागदावर लिहून घ्या. नातं टिकवायलाच लिहायचं.

५. शाळा

शाळा सोडल्याचा दाखला घ्या आणि त्यावरचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव आधारशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते शाळेतून बाहेर पडण्याआधी तपासा. दाखला यायला उशीर झाला म्हणून पहिली ते आठवीच्या मुलाचा सरकारी किंवा अनुदानित शाळेतला प्रवेश कुणी अडवू शकत नाही; २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि गरीब मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागा मात्र फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला असतात, चौथी-पाचवीच्या मुलाला त्यांचा उपयोग नाही.

माझी मुलगी चौथीत सेमी-इंग्लिशला, म्हणजे गणित इंग्रजीतून असलेल्या वर्गात, बसली. गावच्या शाळेत ती गणितात पहिली. इथे पहिल्या चाचणीत दहापैकी तीन. एकक-दशक-शतक तोंडपाठ, पण "युनिट्स, टेन्स" म्हटलं की गप्प. तिला गणित येत होतं, गणिताची नावं येत नव्हती. पुढे दोन महिने आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीवर रोज पाच शब्द चिकटवले, बेरीज-ॲडिशनपासून. हे एप्रिलमध्येच केलं असतं तर पोरीचं रडणं वाचलं असतं.

६. सामान

टेम्पो ठरवण्याआधी सोसायटीत सामान चढवण्याची वेळ विचारा. बऱ्याच ठिकाणी रात्री किंवा दुपारच्या झोपेच्या वेळेत चढवू देत नाहीत. पलंगाची लांबी जिन्याच्या वळणावर मोजा. वर्षाचं धान्य आणू नका, पावसाळ्यात दमट हवेने पोरकिडे होतात. दोन महिन्यांचं आणा, बाकीचं गावी ठेवा. देव्हारा, औषधं, कागदांची पिशवी टेम्पोत टाकायची नाही, ती हातात.

७. घरात मागे राहणारं माणूस

कमावत्याला काम असतं, मुलांना शाळा. पहिले तीन महिने सगळ्यात जड जातात ते घरी थांबणाऱ्याला. आई दुसऱ्या दिवशी दारातच उभी होती. म्हणाली, "इथं समद्यांची दारं दिवसाबी लावल्यालीच असत्यात व्हय रं?" उत्तर मागणारा प्रश्न नव्हता तो. पाट्यावर वाटण वाटायला बसली तर खालच्या घरातून आवाजाची तक्रार आली. पाटा ओट्याखाली गेला, आणि आईचं बोलणंही कमी झालं.

तिला पुन्हा बोलतं केलं ते भाजी बाजाराने. स्टेशनबाहेर सकाळी आसपासच्या पाड्यांवरच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. तिथे तिला टाकळा दिसला, भाव विचारता विचारता अर्धा तास गेला, आणि रोजचं ठिकाण मिळालं. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पहिल्याच आठवड्यात चार रस्ते हात धरून दाखवा: बाजार, देऊळ, दवाखाना, आणि बसायला कट्टा असलेली जागा. पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या पिशवीत ठेवा. लिफ्ट बंद पडली तर काय करायचं ते एकदा आत उभं राहून समजवा. गावच्या मंडळींचं, तालुक्याचं एखादं मंडळ उपनगरात असतंच. तिथे पहिल्या महिन्यात सगळ्यांनी मिळून जाऊन या.

आणि गावची फेरी ठरलेली ठेवा, दर दोन महिन्यांनी एक. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. आईचं वय ७७. ती सकाळच्या गाडीने एकटी जाते, घर झाडून, पणती लावून, शेजारणीकडे चार दिवस राहून येते. येताना पिशवीत बाजरीचं पीठ असतं, घरच्या बाजरीचं, गावच्या गिरणीवरचं.