नेदरलँड्सला नवीन आलात? आधी जेवणाचं बोलू

इकडे यायचं ठरलं की ओळखीतल्या प्रत्येकाचा पहिला फोन एकाच गोष्टीसाठी येतो: "पोहे, रवा, डाळी किती भरू?" मी सांगते, पहिल्या आठवड्यापुरतं आणा. डाळ, तांदूळ, कणीक, पोहे, सगळं इथे मिळतं. बॅगेतली जागा गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आणि आईच्या हातच्या लोणच्यासाठी ठेवा, ते इथे मिळत नाही. तूप, पेढे, बर्फी आणू नका. भारतातून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बरोबर आणायला युरोपीय संघात बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि आंबे यांनाही तपासणीचा दाखला लागतो. आईने बांधून दिलेला पेढ्यांचा पुडा विमानतळावर काढून द्यावा लागला की फार जीवावर येतं, म्हणून आधीच सांगते.

आता इथलं जेवण. इथे काय खातात यापेक्षा कधी खातात हे आधी समजून घ्या. गरम जेवण दिवसातून एकदाच, संध्याकाळी सहाला. सकाळी पाव, दुपारी साडेबारालाही पाव. दुपारच्या पावाचे दोन-तीन काप, त्यात चीज किंवा मांसाचा पातळ काप, बरोबर दुधाचा नाहीतर ताकाचा ग्लास, संपलं. पहिल्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये मला वाटलं की हा मधल्या वेळचा नाश्ता असेल आणि जेवण नंतर येईल. तेच जेवण होतं. तुम्ही पोळीभाजीचा डबा नेलात तर कुणी नाक मुरडत नाही, उलट कुतूहलाने विचारतात.

याच घड्याळामुळे आमंत्रणाचा अर्थही बदलतो. "आठ वाजता कॉफीला या" म्हणाले तर घरून जेवून जा. तिथे कॉफी, केकचा तुकडा, नंतर एखादं पेय आणि गप्पा असतील, ताट नसेल. जेवायला बोलावलं असेल तर तसं स्पष्ट सांगतात, आणि मग सहा म्हणजे सहाच. वाढदिवस तुमचा असेल तर ऑफिसमध्ये केक तुम्हीच न्यायचा. खोलीत शिरल्यावर वाढदिवस असलेल्यालाच नाही, त्याच्या आईवडिलांना आणि बायकोलाही शुभेच्छा द्यायच्या. मला ही पद्धत फार आवडते.

दुधाच्या बाबतीत तुम्ही सुखाच्या देशात आला आहात. दुकानात दुधाशेजारी 'कार्नेमेल्क' लिहिलेला खोका दिसेल. ते ताक. आपल्या ताकापेक्षा थोडं दाट आणि एकसारखं आंबट. पाणी, मीठ, आलं, कोथिंबीर घातली की मठ्ठा तयार होतो. कढीही उत्तम होते, फक्त बेसन आधी नीट कालवून घ्या आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा, नाहीतर फुटते. त्याच्याच शेजारी 'क्वार्क' असतो, आणि महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने पाठ करावा असा हा शब्द आहे. 'फोले क्वार्क', म्हणजे पूर्ण मलईचा, आणा, रात्रभर फडक्यात बांधून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी साखर, वेलची, केशर घालून फेटा. पाडव्याचं श्रीखंड झालं. 'माखेरे' लिहिलेला बिनमलईचा असतो, तो घेतलात तर श्रीखंड रवाळ आणि आंबट लागतं. तुपासाठी 'रोमबोटर' हे शुद्ध लोणी, 'ओंखेझाउटेन' म्हणजे बिनमिठाचं बघून घ्यायचं. पाव किलोच्या वड्या मिळतात. चार वड्या एकदम कढवल्या की महिन्याची सोय होते.

हे 'ख' कुठून येतात, तर डच भाषेतला ग घशातून ख सारखा निघतो. गौडा चीज मागायला गेलात तर दुकानदार 'खाउडा' म्हणेल. चीज वयावर विकतात: 'योंग' म्हणजे साधारण चार आठवड्यांचं, मऊ, आणि 'आउड' म्हणजे दहा-बारा महिने मुरलेलं, खारट, खडबडीत. एकदा 'कोमाइनेकास' नक्की खा. कोमाइन म्हणजे जिरं. लायडनच्या चीजमध्ये जिरं घालतात, फ्रीसलँडच्या चीजमध्ये लवंगाही. ज्यांनी वेंगुर्ल्याची डच वखार पाहिली आहे, त्यांना या मसाल्यांचा प्रवास समजावून सांगायला नको.

शाकाहारी असाल तर इथून पुढचं दोनदा वाचा. भाज्या, कडधान्यं, टोफू, बिनमांसाचे बर्गर, सगळं भरपूर मिळतं आणि 'व्हेखेटारिश' हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. अडचण दिसत नाही त्या गोष्टींची आहे. चीजमध्ये 'स्ट्रेमसेल' असतं, म्हणजे दूध फाडणारा पदार्थ. तो वासराच्या जठरातून काढलेला असू शकतो, म्हणून पाकिटावर 'मिक्रोबियेल' किंवा 'व्हेखेटारिश' बघा. जेलीच्या गोळ्यांत आणि काही गोड पदार्थांत जिलेटिन असतं, बऱ्याचदा डुकराचं. इंडोनेशियन दुकानातल्या 'क्रूपूक' नावाच्या पापडात कोळंबी असते, आणि तिथल्या सांबलमध्ये (ती मिरचीची चटणी, आपलं सांबार नव्हे) 'त्रासी' म्हणजे कोळंबीची आंबवलेली लगदी असू शकते. बटाट्याच्या फ्राइज बैलाच्या चरबीत, 'ऑसेविट'मध्ये, तळलेल्या असू शकतात. विशेषतः बेल्जियमला गेलात तर हे विचारल्याशिवाय खाऊ नका, तिकडे चवीसाठी मुद्दाम तीच चरबी वापरायची जुनी पद्धत आहे. विचारलेलं कुणालाही वावगं वाटत नाही. एवढं वाक्य पाठ करा: "इक एट खेन फ्लेस एन खेन फिस." मी मांस आणि मासे खात नाही. माशांचा उल्लेख वेगळा करायचा, कारण नुसतं मांस नको म्हटलं की मासा चालेल असं समजणारी माणसं अजून आहेत.

गोमांस न खाणाऱ्यांनी 'क्रोकेट' आणि 'बिटरबालेन' यांच्यापासून सावध राहा. बाहेरून आपल्या बटाटेवड्याच्या भावंडासारखे दिसतात, आत बहुतेक गाईच्या किंवा वासराच्या मांसाचं सारण असतं. ऑफिसच्या पार्टीत गरम ताटली फिरते तेव्हा हेच असतात. त्या ताटलीत चौकोनी किंवा अर्धगोल 'कासूफ्ले' असेल तर तो चीजचा. 'फ्रिकांडेल' नावाच्या तळलेल्या कांडीत कोंबडी, डुक्कर आणि कधी घोड्याचंही मांस असतं.

मासे खाणाऱ्यांनो, तुमची मजा आहे. बाजारातल्या गाडीवर 'किब्बेलिंग' मागा: पिठात बुडवून तळलेले पांढऱ्या माशाचे तुकडे. आमच्याकडे मालवणहून आलेल्या पाहुण्यांनी एका बैठकीत तीन पुड्या संपवल्या होत्या. 'हारिंग' हा खारवलेला, न शिजवलेला मासा, चिरलेल्या कांद्याबरोबर खातात. नव्या हंगामाचा मासा जूनमध्ये येतो. तो कच्चा म्हणून घाबरू नका, जिभेवर लोण्यासारखा विरघळतो.

थंडीत मात्र इथल्या माणसांचं खरं जेवण कळतं. 'स्टँपॉट' म्हणजे उकडलेला बटाटा भाजीबरोबर कुस्करलेला, मध्ये खळगा करून त्यात रस्सा. केल नावाची हिरवी पालेभाजी, नाहीतर गाजर-कांदा. गाजराच्या प्रकाराला 'हुत्स्पॉट' म्हणतात. ३ ऑक्टोबर १५७४ रोजी लायडन शहराचा स्पॅनिश वेढा उठला, पळालेल्या सैन्याच्या छावणीत अशा जेवणाचं भांडं सापडलं अशी आख्यायिका आहे. आजही त्या दिवशी लायडनमध्ये हारिंग आणि पांढरा पाव वाटतात. स्टँपॉटमध्ये मिठाशिवाय फारसं काही नसतं, हे खरं आहे. पण शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात, बाहेर पाच वाजताच अंधार पडलेला असताना, तो गरम गोळा पोटात गेला तेव्हा मला मऊ भाताची आठवण झाली. घरी करताना मी वरून लसणाची फोडणी घालते. आजींनाही ती आवडली.

आणि आपल्या जिभेची सोय? ती सुरिनाममुळे झाली आहे. दक्षिण अमेरिकेतला हा देश १९७५ पर्यंत डचांच्या ताब्यात होता आणि आजही डच बोलतो. १८७३ मध्ये लाला रुख हे जहाज कलकत्त्याहून पहिले मजूर घेऊन तिथे पोहोचलं. १९१६ पर्यंत चौतीस हजारांवर माणसं गेली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली. त्यांची नातवंडं-पतवंडं मोठ्या संख्येने इथे, मुख्यतः द हेगमध्ये, स्थायिक झाली. त्यांच्या दुकानात रोटी मागितलीत तर मसालेदार कोंबडी किंवा अंडं, बटाटा, चवळीच्या शेंगा आणि त्यांच्याबरोबर पिवळी डाळ भरलेली मोठी मऊ रोटी येते. गूळ न घातलेली पुरणपोळी म्हणा. 'बारा' म्हणजे उडदाचा वडा. एकदा काउंटरवरच्या काकूंनी मला "कहाँ के हो?" विचारलं, त्यांची बोली जुन्या भोजपुरीची होती, माझी हिंदी मराठी वळणाची, तरी आम्ही अर्धा तास बोललो.

भाजीचे शब्दही त्यांच्याकडूनच शिकावे लागतात: भेंडी म्हणजे 'ओकर', कारलं म्हणजे 'सोप्रोपो', चवळीच्या शेंगा म्हणजे 'काउसेनबांट'. 'तायरब्लाट' ही अळूच्या कुळातली पानं, चिंच घालून, नीट शिजवून फतफतं करता येतं. द हेगच्या मोठ्या उघड्या बाजारात हे सगळं एकाच फेरीत मिळतं. कोथिंबिरीची जुडी तुर्की किंवा मोरोक्कन दुकानातून घ्या, सुपरमार्केटमधल्या चार काड्यांत आमटीसुद्धा होत नाही.

नळाचं पाणी निर्धास्त प्या. पेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन फेकू नका, दुकानातल्या यंत्रात परत टाकले की लहान बाटलीचे १५ आणि मोठीचे २५ सेंट परत मिळतात.

आणखी एक. शेजारी बाळ जन्मलं, की तुम्हाला 'बेस्खाउट मेट माउश्येस' देतील: कुरकुरीत टोस्टवर लोणी आणि त्यावर साखरेचं कवच असलेले बडीशेपेसारखे दाणे. मुलगी असेल तर गुलाबी-पांढरे, मुलगा असेल तर निळे-पांढरे. या दाण्यांनी बाळंतिणीला दूध येतं असं इथे पूर्वापार मानतात. आपल्याकडे बाळंतशोपा ज्यासाठी देतात, त्यासाठीच. मी शेजारणीला हे सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू नेऊन दिले. तिने डबा परत दिला तेव्हा त्यात तिच्या आईने केलेला सफरचंदाचा केक होता.