एकाची बदली, दुसऱ्याचं करिअर: नव्या शहरातले पहिले सहा महिने

एकाला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागते आणि जोडीदार "तिकडे गेल्यावर बघू" म्हणत राजीनामा देतो. घोळ तिथेच सुरू होतो. दुसऱ्याची नोकरी शोधणं हे घर लावून झाल्यावर उरलेल्या वेळात करायचं काम नव्हे. त्यासाठी ठरलेले तास, वेगळे काढलेले पैसे आणि एक शेवटची तारीख लागते.

राजीनाम्याआधी सध्याच्या ऑफिसला विचारा. नोटीस दिल्यावर बोलणी करायला हातात फारसं काही उरत नाही. "घरून काम जमेल का?" असं मोघम विचारलं की नकार सोपा होतो. त्याऐवजी लेखी प्रस्ताव द्या: सहा महिने घरून काम, महिन्यातून दोन दिवस ऑफिसात हजेरी, सहा महिन्यांनी फेरविचार. तेही नसेल तर नव्या शहरातल्या शाखेत बदली किंवा बिनपगारी रजा मागून पाहा. पहिल्याचा, म्हणजे नवी नोकरी लागलेल्याचा, प्रोबेशनचा काळ संपेपर्यंत दुसऱ्याची जुनी नोकरी टिकली तर मोठा आधार होतो.

पहिल्याने ऑफर लेटरमधली परतफेडीची अट नीट वाचावी. ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडल्यास स्थलांतर भत्ता सगळा परत करायचा की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, यात बराच फरक आहे. कंपनीचा आरोग्य विमा जोडीदारालाही लागू आहे का आणि कोणत्या तारखेपासून, हेही आधीच विचारून ठेवा. जुना विमा संपून नवा सुरू होईपर्यंतची फट बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

मूळ प्रमाणपत्रं, अनुभवपत्रं, रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. डॉक्टर, नर्स, वकील, शिक्षक अशा परवान्याच्या पेशात नव्या ठिकाणी नोंदणी पुन्हा करावी लागते का, ते निघण्यापूर्वी तपासा. जुन्या नोंदणी परिषदेकडून पत्र आणायचं असेल तर ते जुन्या शहरात असतानाच उरकलेलं बरं.

घराच्या बाबतीत घाई नको. पहिले चार-सहा आठवडे तात्पुरतं राहा आणि कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी दोन्ही बाजूंचा प्रवास करून पाहा. पहिल्याच्या ऑफिसला लागून घर घेण्याचा मोह होतो, पण मग दुसऱ्याला निम्म्या शहरातल्या नोकऱ्या लांब पडतात. त्याच्या क्षेत्रातली ऑफिसं कुठे आहेत ते नकाशावर मांडा आणि दोन्हीकडे थेट जाता येईल असा भाग निवडा.

पैशांचा हिशेब एकाच पगारावर मांडा. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. भांडणं मात्र बहुधा किरकोळ खर्चावरून होतात, कारण कमाई थांबलेल्याला प्रत्येक वेळी मागावं लागतं. उपाय साधा आहे: दर महिन्याच्या एक तारखेला दोघांच्या वैयक्तिक खात्यांत सारखीच रक्कम आपोआप जमा व्हावी, आणि तिचा हिशेब कुणी कुणाला विचारू नये. नोकरी शोधण्याचा खर्च, म्हणजे प्रवास, कोर्स, परीक्षेची फी, घरखर्चातच धरा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारं वाक्य म्हणजे "तू घरीच आहेस ना". इंटरनेटवाला येणार, नळ गळतोय, पार्सल घ्यायचंय, आणि बघता बघता दुपार होते. त्यामुळे सकाळी साडेनऊ ते दीड हे चार तास नोकरीच्या शोधासाठी राखून ठेवा. त्या वेळात दुरुस्तीवाल्याला बोलवायचं नाही. अशी निम्मी कामं नोकरी करणाऱ्याने शनिवारी किंवा ऑफिसला जाण्यापूर्वी अंगावर घ्यावीत.

त्या चार तासांत नुसते अर्ज टाकत बसू नका. आठवड्याला पाच ओळखीच्या किंवा त्याच क्षेत्रातल्या माणसांना छोटा मेसेज पाठवा: "मी नुकताच इथे राहायला आलोय, पुरवठा साखळीत आठ वर्षं काम केलंय. इथल्या कंपन्या माणसं कशी घेतात, हे पंधरा मिनिटं बोलून समजून घ्यायचं होतं." थेट नोकरी मागितली की समोरचा टाळतो, माहिती विचारली तर बहुतेक जण बोलतात. रेझ्युमेवर नव्या शहराचा पत्ता टाका. मुलाखतीत "जोडीदाराची बदली झाली" एवढंच सांगितलं तर पुन्हा बदली होईल ही शंका राहते. "आम्ही इथे स्थायिक झालोय, दोन वर्षांचा भाडेकरार आहे" असं सांगून लगेच कामाच्या विषयावर या. करार तसा असेल तरच, अर्थात.

आठवड्यातून एकदा अर्धा तास दोघांनी बसावं: शोध कुठवर आला, पैसे किती उरले, कुणावर कामाचा भार जास्त पडतोय. दोघांच्या कॅलेंडरवर दोन तारखाही टाका. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी शोधाची दिशा तपासा: मुलाखतीलाच बोलावत नसतील तर रेझ्युमे किंवा क्षेत्र बदला, मुलाखतीपर्यंत पोचून पुढे अडत असेल तर मुलाखतीची तयारी वाढवा. सहाव्या महिन्याच्या शेवटी पर्याय खुले करा: खालच्या पदाची किंवा कंत्राटी नोकरी, नवा कोर्स, घरून काम, किंवा शहर सोडणं. हा शेवटचा पर्याय आधीच यादीत लिहिलेला असावा, नाहीतर तो पहिल्यांदा भांडणातच निघतो.